सिस्टरचा राखीव गुंडा

लोकरवाल्याला अख्खी गल्ली भिंगरी म्हणायची. तोंडावर भिंगरीशेठ, पाठीमागं नुसतं भिंगरी. माणूस एका जागी बसलेला कुणी पाहिला नव्हता. दुकानात एक स्टूल होतं, पण ते गिऱ्हाइकाचं. गिऱ्हाईक नसलं की त्यावर शेजारच्या चांभाराचं मांजर. शेठ आपला उभा. चहा उभ्यानं, भाकरतुकडा उभ्यानं, आणि फोनवर बोलायचं ते दारापासून मागच्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालत. बायको म्हणायची, लग्नात तेवढा बसला होता, तेही फोटोवाल्यानं खांदा दाबून धरला म्हणून.

दुकान रुंदीला एवढंसं, की मध्ये उभं राहून हात पसरले तर बोटं दोन्हीकडच्या मांडण्यांना लागावीत. लांबीला मात्र बोगदा. दोन्ही अंगांना खालपासून वरपर्यंत लोकर, पांढऱ्यापासून सुरू होऊन पिवळा, नारिंगी, लाल असं करत करत मागच्या अंधारात काळ्यावर संपणारी. एकदा एक पोरगी म्हणाली होती, शेठ, तुमच्या दुकानात आत जाताना रात्र होत जाते. त्याला ते आवडलं होतं. नंतर सव्वीस वर्षांत दुकानाला कुणी एवढं चांगलं म्हटलं नाही.

गल्ली एकेकाळी हौशी लोकांची. चांभाराच्या पलीकडं तिकिटं-नाण्यांचं दुकान होतं, समोर लाकडाची विमानं जोडायचे संच विकणारा होता, आणि कोपऱ्यावर मासेवाला, म्हणजे काचेच्या पेटीतल्या माशांचा. तिकीटवाला आधी गेला. विमानवाल्यानं मोबाइलची कव्हरं टांगली. मासेवाल्याच्या जागेत तर पार्सलचं ऑफिस आलं. जिथं रंगीत मासे फिरायचे तिथं आता खाकी खोकी रचलेली असतात. फोनवरून मागवलेली लोकरही तिथंच उतरते आणि खोकी वाटणारा माणूस पत्ता विचारायला येतो तो नेमका लोकरवाल्याकडंच. शेठ पत्ता सांगायचा. वर डावी-उजवीसकट सांगायचा. मग आत येऊन एखादी मांडणी उगाच पहिल्यापासून लावायला घ्यायचा.

बायका अजून यायच्या. यायच्या, गुंडा हातात घ्यायच्या, गालाला लावून बघायच्या, लेबलाचा फोटो काढायच्या आणि "घरी विचारून सांगते" म्हणून जायच्या. घरी कुणाला विचारतात ते शेठला ठाऊक होतं. त्याचं उत्तर तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर खोक्यातून यायचं. आठवड्यानं तीच बाई विणकामाचा गुंता पिशवीत घालून हजर. "शेठ, जरा बघा ना, इथं टाका सुटलाय." लोकर दुसऱ्याची, सुया दुसऱ्याच्या, अक्कल तेवढी याची. आता गप्प बसावं की नाही? पण सुटलेला टाका दिसला की याच्या बोटांना खाज. चार ओळी खाली जाऊन, क्रोशाच्या आकड्यानं टाका वर ओढत आणून, सुईवर चढवून देईपर्यंत जिवाला चैन नाही. बाई थँक्यू म्हणून जायची.

त्याची लेक बँकेत होती. हुशार, आणि बापापेक्षा सरळ. ती म्हणाली, "बाबा, एकच सांगा. तुमच्याकडं असं काय आहे, जे फोनवर मिळत नाही?"

शेठनं बोट मागच्या भिंतीकडं केलं. "राखीव गुंडा."

तर हे राखीव गुंड्याचं प्रकरण समजून घ्यायला पाहिजे. लोकर रंगवतात ती मोठ्या हौदात, एकेका खेपेला. तळणाचा जसा एक घाणा कोवळा निघतो नि दुसरा करपट, तसं रंगाचंही होतं. कंपनी तीच, रंगाचं नाव तेच, पण ह्या खेपेचा हिरवा आणि पुढच्या खेपेचा हिरवा सख्खे नव्हेत, चुलत. म्हणून लेबलावर खेपेचा नंबर असतो. दुकानदार त्याला लॉट म्हणतात. एका लॉटची लोकर विणता विणता संपली आणि दुसऱ्या लॉटची जोडली, तर स्वेटरवर पट्टा उठतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही. उन्हात गेलं की भिंतीला पोपडा आल्यासारखा दिसतो.

म्हणून भिंगरीशेठची पहिल्यापासूनची पद्धत अशी, की कुणी स्वेटराची लोकर नेली की त्याच लॉटचा एक गुंडा बाजूला काढायचा. मागच्या भिंतीला जुन्या टपाल कचेरीतून आणलेलं खणांचं कपाट होतं. एकेका खणात एकेक गुंडा, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. पैसे नाहीत, आगाऊ नाही, काही नाही. लागला तर घेऊन जा. वस्त्र पुरं झालं की दाखवून जा, मग तो गुंडा विकायला मोकळा. दोन वर्षं लागली तरी गुंडा खणातच. लेकीनं हिशोब सांगितला होता की एवढा माल अडकवून ठेवणं म्हणजे शुद्ध येडेपणा. पण बायका लांबून चालत यायच्या त्या ह्या कपाटासाठी. फोनवाला तुमच्यासाठी काही राखून ठेवत नाही. तुम्ही कोण, हेच त्याला माहीत नसतं.

त्या कपाटातला तिसऱ्या ओळीतला कडेचा खण सिस्टरचा.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. बोलणं कमी, चष्म्यातून बघणं जास्त. सांध्यांनी बोटं वाकडी झालेली, त्यामुळं विणायची गोगलगाईच्या चालीनं. पण टाका असा, की मशीननं लाजावं. गेल्या थंडीत नवऱ्याच्या स्वेटरसाठी तिनं शेवाळी हिरवी लोकर नेली होती, लॉट चारशे सतरा. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. नऊ वर्षांत तिनं राखीव गुंडा कधी नेला नव्हता. तिचा अंदाज चुकायचाच नाही.

यंदा थंडीच्या तोंडाला एक दिवस बाई आल्या. या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, आणि विणकाम करणाऱ्या तीस बायकांच्या मंडळाच्या प्रमुख. हे मंडळ दरवर्षी दवाखान्यातल्या बाळांसाठी टोपडी-स्वेटरं विणायचं. पूर्वी लोकर शेठकडून जायची. गेली दोन वर्षं फोनवरून येत होती. बाईंनी पर्समधून एक लेबल काढलं आणि परीक्षेचा पेपर द्यावा तसं पुढं केलं. शेवाळी हिरवा, चारशे सतरा.

त्यांचा स्वतःचा कार्डिगन चालला होता. लोकर फोनवरची. गळ्यापाशी येऊन संपली. पुन्हा मागवली तर दुसऱ्या लॉटची आली, परत पाठवली तर तिसऱ्याच लॉटची. लेकीकडं समारंभ होता रविवारी, आणि त्यांना तोच घालून जायचं होतं.

शेठ म्हणाला, हा लॉट संपला. विकायला म्हणाल तर खरंच संपला होता.

बाईंनी लेबल परत पर्समध्ये घातलं. रागावल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "सोमवारी आमची मीटिंग आहे. यंदा अडीचशे गुंडे लागणार. मी म्हणणार होते, की जवळचं दुकान सोडून आपण लांब का जातो. पण वेळेला एक गुंडा तुमच्याकडंही नाही आणि त्यांच्याकडंही नाही, तर मग फरक काय राहिला?"

अडीचशे गुंडे म्हणजे अख्खी थंडी निघाली. त्या मोसमात शेठनं एका खेपेला विकलेला सगळ्यात मोठा माल बावीस गुंड्यांचा होता. जागेचा मालक दोनदा येऊन सहज म्हणून भिंती ठोकून गेला होता, आणि भिंती ठोकायला कोण येतं हे तिकीटवाल्याच्या वेळी सगळ्यांनी पाहिलं होतं. ही थंडी निघाली तर दुकान राहणार, नाहीतर विमानवाल्याच्या शेजारी कव्हरं टांगायची.

"थांबा," शेठ म्हणाला. "आत एकदा बघतो."

काळ्या लोकरीपर्यंत जाईस्तोवर त्यानं मनात सगळं मांडलं. सिस्टरकडं तीन गुंडे शिल्लक आहेत. एका बाहीला दोन लागतात. नऊ वर्षांत कधी मागितला नाही. गुंडा खणात पडून काय अंडी घालणार आहे? चिठ्ठी काढून त्यानं खिशात घातली आणि गुंडा बाईंच्या हातात ठेवला. बाई हसल्या. शाळेत त्यांना हसताना पाहिलेली मुलगी शोधून सापडली नसती.

चार दिवसांनी सिस्टर दारात.

"शेठ," ती म्हणाली, "माझा गुंडा लागतोय."

तीन शिल्लक होते की, शेठनं विचारलं. सिस्टरनं नवऱ्याची हकीकत सांगितली. निवृत्त झाल्यापासून तो गृहस्थ खुर्चीतून उठत नव्हता. मागच्या थंडीत माप घेतलं तेव्हा माणूस होता, आता पिंप झालाय. पुढचा भाग अंगाला लावून बघितला तर दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं उघडी. म्हणून तिनं कुशीला पट्ट्या विणून जोडल्या, त्यात दोन गुंडे गेले. "स्वेटर पुढं का पोट पुढं, अशी शर्यत लागलीय घरात," ती म्हणाली. "लवकर उरकलं पाहिजे, नाहीतर तंबूच विणावा लागेल."

एरवी शेठ खो-खो हसला असता. आता तो आत गेला. कडेच्या खणासमोर उभा राहिला. खण रिकामा. तेव्हाच बाहेर येऊन सांगून टाकलं असतं तर शिव्या खाऊन मोकळा झाला असता. पण तोंडाआधी हात चालू लागले. हिरव्याच्या मांडणीत शेवाळी होता, लॉट चारशे बावीस. लेबल फाडलं, लोकर चार बोटांवर सैल गुंडाळून तिचा हातगुंडा केला, आणि बाहेर आणला.

"लेबल उंदरानं खाल्लं," तो म्हणाला.

सिस्टरनं गुंडा ट्यूबलाइटखाली धरला. मग शेठकडं बघितलं. जेवढा वेळ गुंड्याकडं, तेवढाच वेळ शेठकडं. मग गुंडा पिशवीत टाकून ती गेली.

तिथून भिंगरीची जी फिरकी सुटली ती थांबेना.

आधी फिरायचा ती सवय होती. आता पायाखाली विस्तव होता. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून बसनं ठोक व्यापाऱ्याकडं गेला. तीन मजल्यांचं गोदाम धुंडाळलं, चारशे सतरा कुठं नाही. व्यापारी म्हणाला, एका गुंड्यासाठी एवढा जीव टाकलास शेठ, आत सोनं आहे का? येताना बसमध्ये जागा होती तरी उभा राहिला. पुढं एक बाई हिरवा स्वेटर घालून बसली होती. तिच्या बाहीकडं हा इतका टक लावून बघत राहिला, की तिनं शेजारणीबरोबर जागा बदलून घेतली.

मग बाईंच्या घरी गेला. कार्डिगन झाला होता, खुर्चीच्या पाठीवर घातला होता, आणि गळा असा बसला होता की नजर लागावी. लोकर काही उरली का, असं त्यानं विचारलं. बाईंनी एक लिंबाएवढी गुंडी आणून दिली. कशाला हवी होती, हे त्याला सांगता येईना. नमुन्याला, म्हणाला. बाईंनीच मग बातमी दिली. मीटिंग झाली होती. फोनवाल्याचा भाव कमी असूनही मंडळानं शेठला कौल दिला होता. बाईंनी सगळ्यांना गळा दाखवला होता. शनिवारी येऊन सगळ्याजणी आपापली लोकर निवडणार होत्या.

अडीचशे गुंडे. शेठ जिना उतरला तो चोरी करून उतरल्यासारखा.

लेकीनं पेढा नाही तरी निदान तोंडभर हसू पाहिजे म्हणून बापाकडं बघितलं, तर बाप टेप घेऊन खिडकीचं माप घेत होता. खिडकीचं माप कशाला, तर काही नाही, असंच. बायकोनं टेप हातातून काढून घेतली आणि विचारलं, काय केलंत? नवरा-बायकोला तीस वर्षं झाली की "काय झालं" असं कुणी विचारत नाही. शेठनं सगळं सांगितलं. बायको स्वतः विणणारी. लॉटचं नाव काढताच तिनं कपाळाला हात लावला.

"रोख्यावर खोटी सही केली असतीत तर मी समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "हे कसलं करणं? जा, आत्ता जाऊन सांगा तिला. बाही जोडायच्या आत सांगा."

तो गेला. सिस्टर तिसऱ्या मजल्यावर राहायची. दोन मजले दोन-दोन पायऱ्या एका दमात चढला, तिसरा एकेक पायरी. दाराशी पोचला तर आतून आवाज. सिस्टर नवऱ्याला उभा करत होती. हात वर करा, श्वास सोडा, घेऊ नका म्हटलं ना. नवरा म्हणत होता, श्वास न घेता किती वेळ राहायचं? बाही शिवून होईपर्यंत, सिस्टर म्हणाली. शेठनं घंटीवर बोट ठेवलं. दाबलं नाही. खाली आला, पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. चौथ्या खेपेला तळमजल्यावरच्या म्हातारीनं दार उघडून विचारलं, व्यायाम करताय का कुणी पाठलाग करतंय?

घरी येऊन बायकोला म्हणाला, त्या घरी नव्हत्या. बायकोनं ताट वाढलं आणि पाण्याचा तांब्या जरा जोरात आपटला.

शनिवारी सकाळी मंडळ आलं. तीस बायका त्या बोगद्यात मावणं शक्यच नव्हतं. काही आत, काही दारात, काही फूटपाथवर. चांभारानं आपली बैठक आवरून घेतली आणि मांजर वरच्या मांडणीवर जाऊन बसलं. गुलाबी की पिवळा, बाळाला टोचेल का, धुतल्यावर आखडेल का. शेठचे हात आठ झाले होते. लेक सुट्टी असल्यानं मदतीला आली होती आणि पिशव्यांवर नावं घालत होती. बाई मध्ये स्टुलावर बसून, कार्डिगन घालून, सगळ्यांना शिस्तीत घेत होत्या. तीनच दिवसांपूर्वी याच वेळी दुकानात कुत्रं नव्हतं.

तेवढ्यात दारातल्या बायका जरा बाजूला झाल्या आणि सिस्टर आत आली. हातात कापडी पिशवी. तिनं गर्दी बघितली, पण आवाज चढवला नाही. वॉर्डात जशी एका खाटेपाशी येऊन उभी राहत असेल तशी शेठपुढं उभी राहिली आणि पिशवीतून अर्धी बाही काढून गल्ल्यावर पसरली. मनगटापासून कोपरापर्यंत एक हिरवा. कोपराच्या वर बोटभर दुसरा.

"चार ओळी विणल्या आणि खिडकीत नेऊन बघितलं," ती म्हणाली. "शेठ, चाळीस वर्षं मी पेशंटचे डोळे बघून कावीळ सांगायचे. मला रंग शिकवू नका. माझा गुंडा कुठंय?"

आता शेठपाशी दोन वाटा होत्या. कंपनीनं फसवलं म्हणता आलं असतं. चूक झाली, चुकून दुसरा आला, असंही म्हणता आलं असतं, आणि ते सगळ्यांनी मानलंही असतं. लेक बापाकडं बघत होती. तिलाही तेच अपेक्षित होतं. तिनं नंतर तसं कबूल केलं.

पण आठवडाभर भोवऱ्यासारखा फिरलेला माणूस, आता त्याच्यात दोरीच उरली नव्हती.

"दिला," तो म्हणाला. "तुमच्या खणातला काढला आणि बाईंना दिला. तुम्हाला लागणार नाही असं वाटलं. लागला, तेव्हा दुसरा गुंडाळून दिला. उंदीर-बिंदीर काही नव्हता."

बाईंचा हात आपोआप गळ्याशी गेला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहायला त्यांच्या शाळेतल्या चार पिढ्यांनी पैसे मोजले असते. म्हणाल्या, "शेठ, राखीव होता हे तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी घेतलाच नसता."

"म्हणूनच सांगितलं नाही."

बाई उठल्या. सगळ्यांसमोर सिस्टरला म्हणाल्या, गळा उसवून देते, समारंभ होऊन गेलाय. सिस्टरनं त्यांना चष्म्यातून वरपासून खालपर्यंत बघितलं. "राहू द्या. तुमचा गळा काढून माझी बाही थोडीच होणार आहे. तुम्ही विकत घेतलंत. विकणाऱ्यानं विकायचं नव्हतं."

दारातून एक बाई म्हणाली, म्हणजे आमच्याही खणातले असेच जात असतील. दुसरी म्हणाली, माझा तर दीड वर्षं आहे आत, आहे का बघा आधी. कपाटापुढं झुंबड उडाली. शेठनं खण उघडून उघडून दाखवले. सगळे होते, त्या एकाशिवाय. पण नासका आंबा एकच असला तरी पेटी हुंगून बघितली जाते. सात-आठ जणींनी हातातले गुंडे मांडणीवर परत ठेवले. त्यांत एक अशी होती, जिनं सव्वीस वर्षांत फोनवरून सुईसुद्धा मागवली नव्हती. बाकीच्या थांबल्या, ते विश्वासानं की बाईंच्या धाकानं, हे शेठला कधी कळलं नाही, आणि त्यानं विचारलंही नाही.

सिस्टर बाही पिशवीत घालू लागली. शेठनं पिशवीवर हात ठेवला.

"स्वेटर द्या माझ्याकडं. दोन्ही बाह्या उसवतो. दोन ओळी सतराच्या, दोन ओळी बाविसाच्या, अशा आलटून पालटून विणल्या की पट्टा उठत नाही. मी करतो."

"तुम्ही?"

"मी."

"तुम्हाला बसावं लागेल," सिस्टर म्हणाली.

आणि बसावंच लागलं. एका धाग्यानं विणताना शेठ फिरत फिरत विणायचा, गुंडा कोटाच्या खिशात टाकून. त्याच्या चालण्याला आणि विणण्याला एकच ठेका होता. पण दोन धागे एका वेळी चालवायचे म्हणजे माणूस हलला की त्यांचा दोर वळतो. पहिल्या दिवशी तो तीनदा उठला आणि तीनदा गुंता सोडवत बसला. चौथ्यांदा बायकोनं दोन गुंडे दोन भांड्यांत घालून त्याच्या डाव्या-उजव्या पायाशी ठेवले आणि म्हणाली, आता लाथ मारून उठा.

दुकानाच्या तोंडाशी स्टूल ओढून तो विणायचा, कारण रंग बघायला उजेड तिथंच. गल्ली बघून जायची. मोबाइलवाला म्हणाला, शेठ आजारी आहे का? खोकीवाला पत्ता विचारायला आला, तर शेठनं पहिल्यांदाच मान वर न करता सांगितलं, पुढं विचारा. बसलेल्या माणसाला पायांत मुंग्या येतात; याला त्या डोक्यात आल्या. विणता विणता रिकामा खण दिसायचा. बसलं की सगळं शेजारी येऊन बसतं, म्हणूनच बहुतेक इतकी वर्षं हा उभा होता. दोन ओळी सतरा, दोन ओळी बावीस. एकदा चुकून तीन झाल्या, तर सहा ओळी पुढं गेल्यावर ध्यानात आलं. सोडलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. उसवलं.

तेरा दिवस लागले. लेकीनं मध्येच एकदा येऊन बघितलं आणि फोनवरच्या दुकानाचा विषय काढला नाही. त्याऐवजी आईला म्हणाली, एवढ्या वेळात बाबांनी साठ गुंडे विकले असते. आई म्हणाली, आणि रात्री घरभर खिडक्या मोजल्या असत्या.

चौदाव्या दिवशी सिस्टर आली, बरोबर नवरा. बऱ्याच दिवसांनी त्याला पायऱ्या उतरायला लावल्यामुळं गृहस्थ घामानं भिजला होता आणि वर स्वेटर घालायचा होता. त्यानं हात वर केले, श्वास सोडला, आणि सिस्टरनं स्वेटर त्याच्यावर उशीला अभ्रा घालावा तसा चढवला. मग दंडाला धरून त्याला फूटपाथवर नेलं. ऊन होतं. त्याला उभा फिरवला, आडवा फिरवला, हात सरळ करायला लावला, वाकवायला लावला. चांभार काम थांबवून बघत होता. शेठ दारात उभा, आणि आश्चर्य म्हणजे हलत नव्हता.

"मस्त झालंय," नवरा म्हणाला. "काही दिसत नाही."

"तुम्हाला भिंतीवरचं कॅलेंडर दिसत नाही," सिस्टर म्हणाली. तिनं बाही दोन बोटांत धरून उन्हाकडं वळवली. "दिसतं. ज्याला माहीत आहे त्याला दिसतं." मग बाही सोडून, "विणलंय चांगलं."

शेठनं मान डोलावली. यापेक्षा जास्त मिळणार नव्हतं आणि कमी मिळालं असतं तरी त्याला चाललं असतं.

सिस्टर आत आली. मांडणीपुढं उभी राहून तिनं राखी रंगाची लोकर काढायला सांगितली, स्वतःच्या शालीसाठी. गालाला लावली, लेबलं वाचली, एकेक नंबर ताडून बघितला. नऊ गुंडे. शेठनं दहावा काढला, चिठ्ठी घेतली आणि तिच्यावर नाव घालून कपाटाकडं वळला. या वेळी त्यानं वरच्या ओळीतला मधला खण धरला होता, सगळ्यांना दिसेल असा.

"इकडं द्या तो," सिस्टर म्हणाली.

तो थांबला. तिनं हात पुढं केला होता. वाकडी बोटं, पण तळवा सरळ.

"हा माझ्या घरी राहील. उरला तर आणून देईन."

शेठनं गुंडा तिच्या हातावर ठेवला. चिठ्ठी त्याच्याच बोटांत राहिली. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून तो म्हणाला, "नाही आणलात तरी चालेल, सिस्टर."

"आणून देईन," तिनं पिशवीचे बंद ओढून गाठ मारली. "माझ्याकडं ठेवलेली वस्तू मी दुसऱ्याला देत नाही."

नवऱ्याला दंडाला धरून ती उन्हातून निघाली. शेठ गल्ल्यामागं गेला. पुढच्या गिऱ्हाइकानं हाक मारेपर्यंत तो तिथंच उभा होता, एका जागी.